लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवर कोण जाते? मुंबईतील लहान समाजांच्या वेगळ्या लग्नरीती

माजघर (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझ्या कार्यालयातील एका सहकारिणीच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. कुटुंब ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई, साष्टी आणि वसई या पट्ट्यातील मूळच्या, घरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातले. चर्चमधले लग्न रविवारी होते, परंतु तिने मला शनिवारच्या संध्याकाळसाठी अधिक आग्रह केला. "लग्नाला नाही आलीस तरी चालेल, पण उंबराच्या पाण्याला यायलाच हवे," असे तिचे शब्द होते.

मी पोहोचले तेव्हा गावठाणाच्या गल्लीत ब्रास बँड वाजू लागला होता. लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या दहाबारा बायका डोक्यावर तांब्याच्या कळश्या घेऊन, दोन्ही बाजूंना लावलेल्या स्कूटरींमधून वाट काढत नाचत चालल्या होत्या. वाटेतल्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना झाली आणि मिरवणूक विहिरीवर आली. तिथे मात्र सगळेच अडले, कारण विहीर आता शेजारच्या नव्या इमारतीच्या आवारात गेली आहे, तिच्यावर लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे, आणि किल्ली ज्या पदाधिकाऱ्यांकडे असते ते त्या वेळी घरी नव्हते. एक मुलगा स्कूटर घेऊन त्यांना शोधायला गेला. वीस मिनिटे बँडवाले त्याच तीन चाली आलटूनपालटून वाजवत राहिले आणि बायका कळश्या कठड्यावर ठेवून गात राहिल्या. कोणीही "राहू दे, नळाचे घेऊ" असे म्हटले नाही. किल्ली आली, दोर सोडला, पोहरा बुडाल्याचा आवाज आला, तेव्हा बँडपेक्षा मोठा कल्ला झाला.

उंबर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर दत्ताचा पार येतो. म्हणून माझा प्रश्न असा, की या झाडाचे नाव कॅथलिक लग्नातल्या पाण्याला कसे लागले? दुसरे म्हणजे, मुंबईत आणि आसपास अशा लहान समाजांच्या ज्या खास लग्नरीती आहेत, त्या आपापल्या घरातून किंवा शेजारातून प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी इथे सविस्तर लिहाव्यात. कृपया हळदीतल्या डीजेवर चर्चा नको, तो सर्वधर्मसमभावाने सगळीकडे पोहोचलेला आहे.

बाटली मसाला

माजघर ताई, आमच्या गावठाणाचे वर्णन वाचते आहे असेच वाटले. कुलपासकट.

समाजाच्या नावाविषयी आधी लिहिते, कारण पुष्कळांना आम्ही बंगालकडून आलो असे वाटते. आम्ही इथलेच. आमच्यात कोळी, शेतकरी, पाचकळशी, सुतार अशा अनेक जातींमधून पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली घराणी आहेत. वसई 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत धर्म बदलला, पण भाषा, शेत, आंब्याचे झाड आणि विहीर तीच राहिली. पुढे गोव्याहून आणि मंगळुराहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण वेगळे आहोत हे इंग्रज सरकारला कळावे म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले गेले. कंपनी सरकार जाऊन तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

उंबराच्या नावाविषयी आमच्याच घरात दोन पक्ष आहेत. माझी आजी म्हणायची की विहीर उंबराच्या झाडाखालची असली तर पाणी आटत नाही, म्हणून पूर्वी तिथूनच पाणी आणत आणि त्यावरून हे नाव पडले. माझ्या मामांचे म्हणणे असे की ते उंबऱ्याचे पाणी आहे. ते आणून दाराच्या उंबऱ्याशी उतरवायचे आणि तिथे ते घरचे होते. मला स्वतःला आजीचे म्हणणे पटते, पण हे मी मामांसमोर बोलत नाही. हे पाणी नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या आंघोळीसाठी असते आणि दोन्ही घरी ते आपापल्या विहिरीवरून येते.

त्या रात्रीचे जेवण हा खरे तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे. ताडीने आंबवलेल्या पिठाचे फुगे तळायला एक बाई लागते आणि ते मोजायला दुसरी, कारण तळणाऱ्या बाईच्या आसपास मुले असतात.

सरळमार्गी

धागा रंजक आहे, परंतु थोडी विरोधी बाजूही नोंदवतो. चार-चार दिवस चालणाऱ्या या रीतींमुळे किती कुटुंबे कर्जात जातात हे आपण सारेच पाहतो. बँड, मांडव, गावजेवण, आणि आता त्यावर ड्रोनचे चित्रीकरण. जी रीत ज्या परिस्थितीत जन्मली ती परिस्थिती गेल्यावर रीतही जाऊ द्यावी, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. नळाला पाणी येत असताना विहिरीवर मिरवणूक नेणे हे नाटकच आहे.

खाडीकाठ

सरळमार्गी दादा, ड्रोनचा खर्च विहिरीच्या माथी मारू नका. विहिरीला पैसे पडत नाहीत.

मी कोळीवाड्यातली. आमच्या आणि आगरी समाजाच्या लग्नातली ढवलारीण हा या धाग्याचा विषय व्हायला हवा. काही ठिकाणी तिला धवलारीण म्हणतात. ती वयस्क बाई असते, तिच्या हातात पोथी नसते, आणि तरीही मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. ती जी लग्नगीते गाते ती धवळे. गणपतीला बोलावणे, एकवीरा आईला बोलावणे, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, असे ती एकेकाला मांडवात आणून बसवते. माझ्या थोरल्या भावाच्या हळदीला ती आमच्या आजोबांना बोलावत होती, तेव्हा नेहमी तारस्वरात बोलणारी माझी आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती, हे मला आजही दिसते.

मुद्दा असा आहे की पूर्वी अनेक घरांत संपूर्ण लग्न ढवलारीणच लावत असे. भटजी पुढे आले. आता बहुतेक ठिकाणी मंगलाष्टकांना भटजी आणि त्याआधीच्या सगळ्याला ढवलारीण अशी वाटणी झालेली आहे. या बाईचे शिक्षण म्हणजे आधीच्या बाईच्या मागे बसून दहा-वीस लग्ने गुणगुणत काढणे. आमच्या वाड्यात आता एकच उरली आहे आणि तिच्या मागे बसायला कोणी नाही. मी बसते, पण माझा आवाज चांगला नाही.

उंबराबद्दल: मुहूर्तमेढ उंबराची करण्याची पद्धत अनेक हिंदू समाजांत आहे आणि देवकाच्या पंचपल्लवांतही उंबर असतो. त्यामुळे ते झाड बाटली मसाला ताईंच्या घरी 'कसे पोहोचले' असे विचारण्याऐवजी ते तिथून कधी गेलेच नाही, असे म्हणणे मला बरोबर वाटते.

नोंदवही

व्यवसायाने वकील असल्यामुळे ढवलारिणीच्या संदर्भात थोडी भर घालतो. हिंदू विवाह अधिनियम, 1955 मधील कलम 7 असे सांगते की हिंदू विवाह वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लावता येतो. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलानंतर विवाह पूर्ण होतो. सप्तपदी असलीच पाहिजे असे कलम म्हणत नाही. त्यामुळे एखाद्या समाजात ढवलारिणीने लग्न लावण्याची रूढी प्रस्थापित असेल तर तो विवाह कायद्याच्या दृष्टीने तितकाच पक्का आहे.

अडचण कायद्यात नसते, ती खिडकीवर असते. विवाह नोंदणीच्या अर्जात पुरोहिताचे नाव आणि सही यांसाठी जागा असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने तिथे ढवलारिणीचे नाव लिहून तिचा अंगठा घेतला होता. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज परत केला आणि "गुरुजींची सही आणा" असे सांगितले. कलम 7 ची प्रत घेऊन मी स्वतः गेलो, वरिष्ठांनी ती वाचली, आणि अर्ज घेतला गेला. जोडप्याची मात्र दोन दिवसांची रजा गेली. त्या बाईंना मी नंतर हे सांगितले तेव्हा त्यांना राग आला नाही; आपला अंगठा सरकारी कागदावर नेमका कुठे आहे, ते त्यांना पाहायचे होते.

पाचवी कळशी

माझ्या सदस्यनामावरून ओळखले असेलच. मी माहीमचा, सोमवंशी क्षत्रिय पाचकळशी समाजातला. लग्नरीतीवरून समाजाचेच नाव पडले, असे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. लग्नात बोहल्याशी पाच कळश मांडण्याचा ज्यांचा मान ते पाचकळशी आणि चार मांडणारे ते चौकळशी, अशी परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती आहे. आज हे दोन्ही गट स्वतःला सोमवंशी क्षत्रिय म्हणवतात आणि आपसांत लग्नेही होतात. म्हणजे कळश किती मांडायचे हा प्रश्न अशा प्रत्येक लग्नात नव्याने उभा राहतो.

माझ्या स्वतःच्या लग्नात तो उभा राहिला. पत्नीचे माहेर चौकळशी. माझ्या काकांनी पाच कळश आणून ठेवले होते, तिच्या मामांनी चार आणले होते, आणि कार्यालयाच्या मांडवात एकूण नऊ कळश समोरासमोर उभे होते. दोघांपैकी कोणीही भांडले नाही, फक्त दोघेही आपापल्या कळशांपासून हलेनात. शेवटी माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन पाच मांडा असे सांगितले, आणि पाचवा त्यांच्या बाजूने आणलेल्यांतला घ्यायला लावला. अल्बममध्ये पाहिले तर पाचव्या कळशावरचे रंगकाम वेगळे दिसते.

बाटली मसाला ताईंनी ख्रिस्ती झालेल्या घराण्यांत पाचकळशींचा उल्लेख केला आहे. वसईकडे आमचे आडनावबंधू दोन्ही धर्मांत सापडतात, म्हणून त्यांच्या लग्नात पाण्याच्या कळशीला एवढा मान का, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

शनिवार

आमच्या समाजाला पूर्वी कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, कारण आम्ही तेलाचा घाणा चालवत असू आणि शनिवारी तो बंद ठेवत असू. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावला फुटले अशी आमची परंपरा आहे. आडनावे गावावरून, शेवटी 'कर'. घरची भाषा मराठी. मुंबईतले आमचे पहिले प्रार्थनामंदिर मांडवीला 1796 मध्ये बांधले गेले.

आमच्या लग्नात आदल्या दिवशी मेंदी असते, वधूच्या गळ्यात मंगळसूत्र असते, आणि सिनेगॉगमध्ये वधू आत येताना नवरा मुलगा तिच्याकडे तोंड करून उभा राहतो आणि हिब्रूमधले एक जुने प्रेमगीत गातो. गाणे येत नाही ही सबब चालत नाही. माझ्या मेहुण्याने दोन महिने लोकलच्या दारात उभे राहून ते पाठ केले होते, आणि ठाणे ते भायखळा रोज सोबत करणाऱ्या मित्रांनाही ते पाठ झाले. लग्नाच्या दिवशी तो दुसऱ्या ओळीवर अडखळला, तेव्हा मागच्या बाकावरून त्या मित्रांपैकीच एकाने शब्द पुरवला. मित्र घाटकोपरचा मराठा होता.

पण सर्वांत आमची म्हणावी अशी रीत म्हणजे मलीदा. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वर पाच प्रकारची फळे आणि गुलाबाच्या पाकळ्या असे ताट मांडून एलियाहू हन्नबीची, म्हणजे पैगंबर एलियाची, प्रार्थना होते. इतर देशांतील ज्यूंनाही एलिया पूज्य आहे, पण पोह्यांचे ताट फक्त आमचे. लग्न ठरले की मलीदा, नवस फेडायचा तर मलीदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला 'एलियाहू हन्नबीचा तापा' हे पूज्य स्थान आहे. त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे आणि नवी जोडपी तिथे जाऊन येतात. 1948 नंतर आमची बहुतेक घरे इस्रायलला गेली. प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, त्यामुळे आता मलीद्याची तारीख ठरवताना कोणाची कामाची पाळी कोणती, हे आधी विचारावे लागते.

दादर पूर्वेचा शेजारी

मी पारशी नाही, पण पारशी कॉलनीच्या शेजारी आयुष्य गेले आहे, म्हणून पाहिलेले दोन प्रकार थोडक्यात लिहितो. लग्नाच्या चार दिवस आधी दाराशी कुंडीत आंब्याचे रोप लावतात, त्याला 'मांडवसरो' म्हणतात. शब्दातला मांडव आपलाच आहे. आणि प्रत्यक्ष लग्नात वधूवरांमध्ये पडदा धरतात, तो अगदी आपल्या अंतरपाटासारखा. पडदा पडताच दोघे एकमेकांवर तांदूळ फेकतात आणि आधी फेकेल त्याचे घरात चालणार असे मानतात. मी पाहिलेल्या पाचही लग्नांत मुलगीच आधी होती. लग्ने सूर्यास्तानंतर लागतात. संजाणच्या जादी राणाने आश्रय देताना घातलेल्या अटींपैकी ती एक, असे त्यांच्या 'किस्सा-ए-संजान' या जुन्या काव्यात आहे.

गेरू

मी चित्रकला शिकवतो आणि गेली काही वर्षे आरेच्या जंगलातील पाड्यांवर जाणे-येणे आहे. वारली चित्रे आता चादरींवर, कपांवर आणि विमानतळावर दिसतात, पण मूळ चित्र हे लग्नाचा विधी आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. घराच्या आतल्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते, शेजारच्या लहान देवचौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि इथेही लग्न लावणारी बाईच आहे, तिला धवलेरी म्हणतात. खाडीकाठ ताईंची ढवलारीण आणि ही धवलेरी यांच्या नावांतले साम्य उघड आहे. तेराव्या शतकात महदाइसेने रुक्मिणीच्या लग्नावर रचलेली गीतेही 'धवळे' म्हणूनच ओळखली जातात.

एक प्रसंग सांगतो. एका कुटुंबाला पक्क्या इमारतीत खोली मिळाली होती आणि भिंतींना तकतकीत रंग होता. त्यावर गेरू धरेना. दोनदा लावला, दोनदा सोलून पडला. मुलाच्या भावाने प्लायवूड आणले, त्यावर शेण आणि गेरू सारवून पृष्ठभाग उत्तम तयार केला आणि ते टेबलावर आडवे ठेवून बायकांना लिहायला सांगितले. लिहायला सोपे जाईल असा त्याचा हिशोब होता, आणि शिक्षक म्हणून तो मलाही पटला होता. धवलेरीने तिथे बसायलाच नकार दिला. प्लायवूडला तिची हरकत नव्हती; ते आडवे असण्याला होती. देवी उभी असते, असे तिचे म्हणणे. अखेर भिंतीला चार भोके पाडून ते ठोकून बसवले आणि मग बायकांनी स्टुलावर चढून रात्रभर चौक लिहिला. लग्नानंतरही ते काढलेले नाही, त्याच्याखाली आता दूरदर्शन संच आहे.

सरळमार्गी

वरील सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. खर्चाविषयीचे माझे मत कायम आहे, परंतु 'नाटक' हा शब्द मागे घेतो. एक प्रामाणिक शंका आहे. विहिरी जर पूर्वीपासून लोकांच्या इतक्या आस्थेच्या होत्या, तर मुंबईत त्या इतक्या मोठ्या संख्येने बुजल्या कशा?

नोंदवही

हिवतापामुळे. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरींत वाढणारे डास हे त्याचे मुख्य कारण ठरवले. त्यानंतर विहिरी बुजवण्याची किंवा झाकण्याची मोहीम सुरू झाली. तिला हिंदू आणि पारशी या दोन्ही समाजांनी धार्मिक कारणांवरून विरोध केला, कारण दोघांनाही विधीसाठी वाहत्या झऱ्याचे, उघड्या विहिरीचे पाणी हवे होते. चर्चगेटजवळची 1725 मधली भिखा बेहराम विहीर टिकली. डासांना मज्जाव करणारी जाळी आणि पोहरा जाईल एवढे दार ही तडजोड त्या काळातली आहे. माजघर ताईंनी पाहिलेल्या जाळीचा उगम बहुधा तोच असावा. कुलूप मात्र अलीकडचे.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. 'कसे पोहोचले' हा माझा प्रश्नच उलटा होता, हे खाडीकाठ ताईंनी दाखवून दिले. एक राहिले: बाटली मसाला ताई, तुमच्याकडच्या कुलपाचे पुढे काय झाले? तुम्ही पहिल्याच प्रतिसादात 'कुलपासकट' असे लिहिले होते.

बाटली मसाला

आमच्याकडेही विहीर सोसायटीच्या आवारात गेली आणि मुले पडू नयेत म्हणून कुलूप आले, ते योग्यच आहे. दोन लग्नांत अर्धा अर्धा तास खोळंबा झाल्यावर आमच्या आईने सर्वसाधारण सभेत उठून दुसरी किल्ली मागितली. सभासदांनी जबाबदारी कोणाची असे विचारले, तेव्हा तिने "माझी" असे सांगून रजिस्टरमध्ये सही केली. आता ती किल्ली आमच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या बाटल्यांच्या वरच्या खिळ्याला लटकते. गेल्या फाल्गुनात पलीकडच्या गल्लीतल्या कोळी काकू हळदीच्या पाण्यासाठी ती मागायला आल्या, आणि जाताना आमची एक कळशीही घेऊन गेल्या, कारण त्यांच्याकडे चारच होत्या. किल्ली दुसऱ्या दिवशी परत आली. कळशी अजून यायची आहे.